कानांच्या परीक्षकाची परीक्षा

गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत पोलिसांच्या हाती दिसणारे डेसिबल मोजण्याचे यंत्र एव्हाना शहरवासीयांच्या चांगलेच परिचयाचे झाले आहे. कोणत्या चौकात आवाज किती डेसिबलवर गेला, याचे आकडे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत झळकतात आणि त्यांवरून वादही रंगतात. याच जातीचे एक यंत्र मात्र प्रसिद्धीपासून दूर, रुग्णालयांच्या श्रवणचाचणी विभागात मुकाट्याने काम करीत असते. रुग्णाला किती ऐकू येते हे ठरविणारे ऑडिओमीटर स्वतः खरे बोलते की नाही, याची साक्ष हे यंत्र देते. वर्षानुवर्षे सेवा बजावल्यानंतर एक दिवस ते बंद पडते, सुटे भाग मिळेनासे होतात आणि नव्या ध्वनिमापकाची खरेदी करण्याची वेळ येते. खरी गफलत होण्याचा संभव तेथेच असतो. बाजारात डेसिबल दाखविणारी यंत्रे ढिगाने उपलब्ध असली, तरी कानाच्या परीक्षेला उपयोगी पडतील अशी त्यांतील मोजकीच असतात.

पाच डेसिबलचे मोल

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांच्या चर्चेचा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत संभाषणाच्या वारंवारतांवर ७० डेसिबलचा श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती कर्णबधिर मानली जाते, तर ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेल्या व्यक्तीची गणना ऐकू कमी येणाऱ्यांत होते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, त्यावर मिळणाऱ्या सवलती आणि सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी कर्णबधिर व ऐकू कमी येणाऱ्यांसाठी असलेला एक टक्का वाटा, हे सारे अखेर श्रवणचाचणीच्या आलेखावरील आकड्यांशी येऊन थांबते.

श्रवणचाचणी साधारणपणे पाच-पाच डेसिबलच्या टप्प्यांनी केली जाते. समजा, ऑडिओमीटरवर ५५ चा आकडा लावला आहे, पण हेडफोनमधून प्रत्यक्षात ६० चा आवाज बाहेर पडतो आहे. ज्याला खरोखर ६० डेसिबलपासून ऐकू येते, त्याच्या कागदावर ५५ ची नोंद होईल आणि तो कायद्याच्या रेषेच्या अलीकडेच राहील. उलट, यंत्र पाच डेसिबलने कमी आवाज देत असेल, तर ५५ वाला ६० चा ठरेल. दोन्ही प्रसंगी रुग्णाने प्रामाणिकपणे बोट वर केलेले असते, चाचणी घेणाऱ्यानेही काम चोख बजावलेले असते. खोटे बोललेले असते ते फक्त यंत्र.

हीच गोष्ट लहान मुलांच्या श्रवणयंत्राची. चाचणीच्या आलेखावरूनच श्रवणयंत्राची वाढ ठरविली जाते. आलेख चुकला, तर मुलाला एक तर बोलणे नीट ऐकू येत नाही, नाही तर गरजेपेक्षा मोठा आवाज सोसावा लागतो. कारखान्यातील कामगारांनाही याची झळ बसते. गोंगाटामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश १९४८ च्या कारखाने अधिनियमाखालील अधिसूचित व्याधींत करण्यात आला होता. हे बहिरेपण प्रथम ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात, बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास डोके वर काढते. यंत्रमागाच्या खडखडाटात उमेदीची वर्षे घालविणाऱ्या माणसाच्या कानाला लागलेली ही पहिली ओरखड वेळीच दिसली, तर पुढील हानी टाळता येते. नेमक्या याच उंच वारंवारतांवर चुकीचा ध्वनिमापक सर्वाधिक दगा देतो.

शून्य डेसिबल कोठून आले?

ध्वनीचा दाब मोजताना २० मायक्रोपास्कल हा आधार धरून डेसिबल काढतात. रस्त्यावरच्या गोंगाटाचे आकडे याच पद्धतीचे असतात. ऑडिओमीटरचे डेसिबल मात्र निराळे. निकोप श्रवणशक्तीच्या तरुण व्यक्तींना जेमतेम ऐकू येईल, तो आवाज तेथे शून्य मानला जातो. माणसाचा कान सर्व वारंवारतांना सारखाच तीक्ष्ण नसल्याने प्रत्येक वारंवारतेसाठी हे शून्य वेगळ्या ध्वनिदाबावर येते. आयएसओ ३८९ या आंतरराष्ट्रीय मानकमालिकेत हे आकडे दिलेले आहेत.

अनेक वर्षे सर्वत्र वापरात असलेल्या टीडीएच-३९ या हेडफोनचे उदाहरण घेऊ. त्यासाठी १००० हर्ट्झवर शून्य म्हणजे ७ डेसिबल ध्वनिदाब, २५० हर्ट्झवर २५.५, तर ४००० हर्ट्झवर ९.५ डेसिबल. म्हणजेच ऑडिओमीटरवर ७० चा आकडा लावला असता मापकावर अनुक्रमे ७७, ९५.५ आणि ७९.५ डेसिबल दिसले पाहिजेत. कॅलिब्रेशन म्हणतात ते हेच. यंत्राने सांगितलेला आकडा आणि प्रत्यक्ष ध्वनी यांची वारंवारतेगणिक पडताळणी करायची आणि तफावत आढळल्यास यंत्र दुरुस्त करायचे.

हे मोजमाप हेडफोन मापकासमोर नुसता धरून होत नाही. त्यासाठी कपलर नावाचे धातूचे छोटे पात्र लागते. त्यातील सहा घन सेंटिमीटरची पोकळी कानाची जागा घेते. पोकळीच्या तळाशी मायक्रोफोन बसविलेला असतो. वर हेडफोन ठेवून त्यावर अर्धा किलोचे वजन ठेवतात, जेणेकरून तो कानावर बसतो तितक्याच दाबाने कपलरवर बसावा. हेडफोन, कपलर, मायक्रोफोन आणि मापक अशी ही साखळी आहे. नवा मापक निवडणे म्हणजे या साखळीची एक कडी बदलणे होय. ती उरलेल्या कड्यांत बसली नाही, तर कितीही महाग असली तरी निरुपयोगी ठरते.

वर्ग १ की वर्ग २?

ध्वनिमापकांसाठी आयईसी ६१६७२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. २००२ मध्ये ते जुन्या मानकांच्या जागी आले आणि २०१३ मध्ये त्यात सुधारणा झाली. त्यात मापकांचे दोन वर्ग सांगितले आहेत. वर्ग १ अधिक काटेकोर, वर्ग २ सर्वसाधारण कामासाठी. वर्ग १ च्या मापकाची किंमत वर्ग २ च्या कित्येक पट असल्याने खरेदी विभागाचा कल साहजिकच दुसऱ्याकडे झुकतो. येथे आकडेच बोलके आहेत.

ऑडिओमीटरला ४००० हर्ट्झपर्यंत तीन डेसिबलची आणि ६००० व ८००० हर्ट्झवर पाच डेसिबलची चूक माफ असते. आता मापकाकडे पाहू. वर्ग २ च्या मापकाला स्वतःलाच ४००० हर्ट्झवर तीन आणि ८००० हर्ट्झवर पाच डेसिबल इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. म्हणजे ज्याची चूक पकडायची, त्याच्याइतकीच पकडणाऱ्याची चूक. सोनाराने धान्याच्या तराजूत सोने तोलावे, तसा हा प्रकार. वर्ग १ च्या मापकाला ४००० हर्ट्झवर केवळ एक डेसिबलची, तर ८००० हर्ट्झवर वरच्या बाजूला दीड आणि खालच्या बाजूला अडीच डेसिबलची मुभा असते. श्रवणचाचणीच्या यंत्रांसाठी वर्ग १ हा त्यामुळे चैनीचा नव्हे, तर किमान गरजेचा भाग ठरतो.

मोबाईलवरील डेसिबल मोजणाऱ्या अॅप्सचा येथे विचारही नको. मोबाईलचा मायक्रोफोन कपलरमध्ये बसत नाही आणि त्याच्या अचूकतेला कोणाचे प्रमाणपत्रही नसते.

मायक्रोफोनचा घोळ

जुन्या मापकाच्या जागी नवा आणताना सर्वाधिक चुका होतात त्या मायक्रोफोनबाबत. सहा घन सेंटिमीटरच्या जुन्या कपलरमध्ये प्रायः एक इंच व्यासाचा मायक्रोफोन बसतो. आजच्या बहुतेक मापकांसोबत अर्ध्या इंचाचा मायक्रोफोन येतो. योग्य अॅडाप्टरखेरीज तो कपलरमध्ये बसविला, तर पोकळीचे आकारमानच बदलते. बंद पोकळीतील ध्वनिदाब ढोबळमानाने तिच्या आकारमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पोकळी दहा टक्क्यांनी वाढली की कमी वारंवारतांवरील आकडा सुमारे पाऊण डेसिबलने उतरतो. त्यासाठी बिघाड कोठेही झालेला नसतो.

दुसरा मुद्दा विजेचा. जुन्या दर्जेदार मायक्रोफोनना बाहेरून २०० व्होल्टचा दाब पुरवावा लागतो. नव्या मापकांपैकी अनेक मापक हा दाब देतच नाहीत, कारण त्यांच्या मायक्रोफोनमध्ये विद्युतभार आधीच साठविलेला असतो. जुना, उत्तम स्थितीतील मायक्रोफोन वाचवून फक्त मापक बदलण्याचा विचार असेल, तर नवा मापक २०० व्होल्ट देऊ शकतो काय, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारला पाहिजे. मागाहून विचारल्यास उत्तर महागात पडते.

तिसरा मुद्दा सर्वांत फसवा आहे. मोकळ्या जागेत ठेवलेला मायक्रोफोन स्वतःच आपल्यासमोरील उंच वारंवारतेच्या ध्वनीत अडथळा आणतो आणि त्यामुळे तेथील दाब वाढतो. रस्त्यावर किंवा कारखान्यात मोजमाप करण्यासाठी बनविलेल्या मायक्रोफोनमध्ये ही वाढ आधीच वजा केलेली असते. कपलरच्या बंद पोकळीत असा अडथळा नसतो, वजावट मात्र कायम राहते. परिणामी अर्ध्या इंचाचा असा मायक्रोफोन ८००० हर्ट्झवर दोन-तीन डेसिबलने कमी दाखवितो, एक इंचाचा तर त्याहून बराच कमी. तंत्रज्ञाला वाटते, ऑडिओमीटरचा आवाजच कमी झाला आहे. तो आवाज वाढवितो आणि उंच वारंवारतांवर ऐकू कमी येणारा माणूस कागदोपत्री ठणठणीत ठरतो. म्हणून मायक्रोफोन मागविताना तो मुक्त क्षेत्रासाठी नव्हे, तर दाबमापनासाठी बनविलेला हवा, असे निविदेत स्पष्ट लिहावे लागते.

'ए'चा सापळा आणि फिल्टरची गरज

ध्वनिप्रदूषणाचे आकडे 'ए' भारांकनाने मोजले जातात. माणसाचा कान कमी वारंवारतांना मंद असतो, हे त्यात गृहीत धरलेले असते. ऑडिओमीटरच्या तपासणीत मात्र हे भारांकन घात करते, कारण कानाच्या संवेदनशीलतेचा हिशेब आयएसओच्या आकड्यांत आधीच झालेला असतो. 'ए' भारांकन सुरू राहिले, तर २५० हर्ट्झवरील आकडा ८.६ डेसिबलने कमी दिसतो. ९५.५ च्या जागी ८६.९ पाहून कोणी ऑडिओमीटर वाढविला, तर पुढील प्रत्येक रुग्णाची त्या वारंवारतेवरील नोंद चुकणार. त्यामुळे मापकात सपाट प्रतिसादाची, म्हणजे 'झेड' भारांकनाची सोय असलीच पाहिजे. केवळ 'ए' आणि 'सी' असलेले स्वस्त मापक येथे बाद होतात.

यासोबतच सप्तकाच्या एकतृतीयांश पट्ट्यांचे फिल्टर हवेत. ऑडिओमीटरचा प्रत्येक टप्पा बरोबर पाच डेसिबलचा पडतो की नाही, हे तपासताना आवाज खूप खालपर्यंत न्यावा लागतो. टीडीएच-३९ वर १००० हर्ट्झला २० चा आकडा म्हणजे कपलरमध्ये अवघे २७ डेसिबल. इतक्या मंद आवाजात खोलीतील पंखा, वातानुकूलन यंत्र, बाहेरची वाहतूक हे सारे मिसळते. फिल्टर नसेल, तर मापकाचा आकडा एका ठिकाणी खिळून बसतो आणि आपण यंत्र मोजतो आहोत की खोली, हेच कळत नाही. काही नव्या मापकांत हे फिल्टर यंत्रात असूनही कुलूपबंद असतात. त्यांचा परवाना वेगळा विकत घ्यावा लागतो. दरपत्रकांची तुलना करताना ही रक्कम धरली नाही, तर स्वस्त वाटलेले यंत्र प्रत्यक्षात महाग पडते.

मापकाची खालची मर्यादाही याच कारणाने महत्त्वाची आहे. श्रवणचाचणीची खोली पुरेशी शांत आहे काय, हेही याच यंत्राने पाहायचे असते. अमेरिकी मानकानुसार हेडफोनने कान झाकून चाचणी घ्यायची असल्यास खोलीतील आवाज ५०० हर्ट्झच्या सप्तकपट्ट्यात २१ डेसिबलच्या आत हवा. बाजारातील सामान्य मापकांचा पल्लाच ३० डेसिबलपासून सुरू होतो. शांतता मोजण्यासाठी मापक स्वतः शांत असावा लागतो.

कवटीच्या हाडावाटे आवाज पोहोचविणाऱ्या कंपकाची तपासणी करण्यासाठी कृत्रिम मॅस्टॉइड नावाचे वेगळे उपकरण लागते. त्यातून ध्वनी नव्हे, तर विद्युतसंकेत बाहेर पडतो. तो स्वीकारण्यासाठी मापकाचा मायक्रोफोन काढता आला पाहिजे आणि तेथे विजेची तार जोडता आली पाहिजे. मायक्रोफोन कायमचा जखडलेला मापक या कामी पूर्णतः निरुपयोगी. नवजात बालकांच्या श्रवणतपासणीची यंत्रे ठेवणाऱ्या रुग्णालयांनी तर आणखी एक बाब पाहावी. त्या यंत्रांचे क्लिक आवाज क्षणार्धात संपतात. त्यांच्यासाठी ऑसिलोस्कोपला संकेत देणारी जोडणी मापकावर असणे आवश्यक आहे.

प्रमाणपत्र आणि समुद्रसपाटी

मापकालाही परीक्षक लागतो. प्रत्येक कामापूर्वी तो ध्वनी कॅलिब्रेटरवर तपासायचा असतो. हे हातात मावणारे उपकरण बहुधा १००० हर्ट्झवर ९४ किंवा ११४ डेसिबलचा स्थिर आवाज देते. कॅलिब्रेटरचे तोंड आपल्या मायक्रोफोनच्या व्यासाला जुळते काय, हे पाहून घ्यावे. काही प्रयोगशाळांत पिस्टनफोन वापरतात. तो सुमारे २५० हर्ट्झवर १२४ डेसिबल देतो, पण त्याचा आवाज हवेच्या दाबावर अवलंबून असतो. मुंबईच्या समुद्रकाठी योग्य असलेला आकडा साडेपाचशे मीटर उंचीवरील पुण्यात सुमारे अर्ध्या डेसिबलने उतरतो. ही दुरुस्ती न करणाऱ्याच्या हाती घाट चढताच चूक येते.

कॅलिब्रेटरवर आकडा जुळला म्हणजे सारे जुळले, असेही नव्हे. तो तपासतो एकाच वारंवारतेवर. १००० हर्ट्झवर तंतोतंत असलेला मापक ८००० वर भरकटलेला असू शकतो. म्हणून मापक आणि मायक्रोफोन दोन्हींची एकत्रित तपासणी १२५ ते ८००० हर्ट्झपर्यंत झाल्याचे प्रमाणपत्र मागावे. ते एनएबीएल या राष्ट्रीय अधिमान्यता मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे असावे आणि त्या मान्यतेत ध्वनिमापनाचा स्पष्ट उल्लेख असावा. अशा प्रमाणपत्रातील मोजमापांचा धागा देशपातळीवर नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील प्रमाणांपर्यंत जाऊन पोहोचला पाहिजे.

जुने लगेच अडगळीत नको

जुना मापक अद्याप कसाबसा चालत असेल, तर तो निकालात काढण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. एकाच दिवशी, त्याच खोलीत, तेच ऑडिओमीटर, तोच हेडफोन आणि तोच कपलर ठेवून दोन्ही मापकांनी सर्व वारंवारतांचे आकडे घ्यावेत आणि तक्ता जपून ठेवावा. फरक अर्ध्या डेसिबलचा असेल, तर चिंता नाही. दोन-तीन डेसिबलचा असेल, तर कारण सापडेपर्यंत ऑडिओमीटरला हात लावू नये. हे केले नाही, तर नवे यंत्र येताच शेकडो रुग्णांचे आलेख अचानक सरकल्यासारखे दिसतात. कोणाचे ऐकणे बिघडले आणि कोणाचे केवळ यंत्र बदलले, हे मग सांगता येत नाही.

खरेदीपूर्वी पुरवठादाराला विचारायचे प्रश्न थोडक्यात असे :

- मापक आयईसी ६१६७२ च्या वर्ग १ चा आहे काय?
- मायक्रोफोन दाबमापनाचा आहे काय आणि तो आपल्या कपलरमध्ये कोणत्या अॅडाप्टरने बसतो?
- जुन्या मायक्रोफोनसाठी २०० व्होल्टची सोय आहे काय?
- 'झेड' भारांकन आणि एकतृतीयांश सप्तकाचे फिल्टर किमतीत समाविष्ट आहेत काय?
- मायक्रोफोन काढून विद्युतसंकेत देता येतो काय?
- फिल्टर लावून मापक किती खालच्या डेसिबलपर्यंत विश्वासाने मोजतो?
- सर्व वारंवारतांवरील प्रमाणपत्र सोबत मिळेल काय आणि दरवर्षीची फेरतपासणी देशातच होईल काय?

प्रत्येक छोट्या दवाखान्याने इतका खर्च करावा, असे मात्र नाही. एकदोन ऑडिओमीटर असलेल्या ठिकाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून वर्षातून एकदा कॅलिब्रेशन करून घेणे अधिक शहाणपणाचे. स्वतःचा मापक परवडतो तो अनेक यंत्रे सांभाळणाऱ्या मोठ्या रुग्णालयांना, शिक्षणसंस्थांना आणि हीच सेवा देणाऱ्यांना. वर्षाकाठच्या तपासणीने रोजच्या दक्षतेची जागा मात्र भरून निघत नाही. दररोज सकाळी चाचणी घेणाऱ्याने हेडफोन स्वतःच्या कानाला लावून यंत्र ऐकून पाहणे, हा नियम जगभर पाळला जातो. तुटलेली तार किंवा खरखर त्यातच कळते.

आणि रुग्णाने काय करावे? श्रवणचाचणीला जाताना ऑडिओमीटरवर कॅलिब्रेशनची पट्टी चिकटवलेली आहे काय, तिच्यावरील तारीख एका वर्षाच्या आतील आहे काय, एवढे अवश्य पाहावे. पट्टीवर किंवा प्रमाणपत्रात हेडफोनचा क्रमांक असेल, तर तो समोरच्या हेडफोनशी जुळायला हवा. कॅलिब्रेशन यंत्र आणि हेडफोन या जोडीचे होत असते. दुसऱ्या यंत्राचा हेडफोन आणून जोडला की ते प्रमाणपत्र संपले. प्रश्न विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. भाजीवाल्याच्या तराजूवरील वैधमापन खात्याची मोहोर आपण पाहतो. ज्या आकड्यावर एखाद्या मुलाची भाषा, एखाद्या कामगाराची रोजीरोटी किंवा एखाद्या उमेदवाराची नोकरी अवलंबून आहे, त्या आकड्याचा तराजू एकदा पाहून घेण्यात गैर ते काय?